रायफलचा चाप आणि दस्ता बदलला की नेमकं काय बदलतं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. अंतिम फेरीत त्याचे गुण होते 451.4. या प्रकारातल्या रायफली पाहून अनेकांना प्रश्न पडतो, की ही बंदूक आहे की एखादं यंत्र? जिथे बघावं तिथे स्क्रू, पट्ट्या आणि सरकणारे भाग.

आतून मात्र बहुतेक रायफली साध्या बोल्ट ॲक्शनच्या असतात. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानं मागे-पुढे करायचा. 50 मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त 10.4 मिलिमीटरचं. चांगली नळी तिथे गोळी नेऊ शकते. अडचण असते ती माणसाची.

चाप हलका कशासाठी?

चाप ओढण्यासाठी लागणारा जोर नेमाच्या शेवटच्या क्षणी रायफललाही ढकलतो. शिकारीच्या रायफलीत हा जोर साधारण दीड-दोन किलोंचा असतो. स्पर्धेच्या चापात तो शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ठेवता येतो. 50 मीटर प्रकारात किमान मर्यादाच नाही, तर 300 मीटर स्टँडर्ड रायफलमध्ये ती 1500 ग्रॅम आहे.

मग सगळ्यांनीच हलका चाप का बसवू नये? कारण चाप ज्या खाचेला धरून ठेवतो तिथली पकड त्यासाठी कमी करावी लागते. ती फारच कमी झाली, तर रायफल आपटल्यावर किंवा बोल्ट जोरात बंद केल्यावर बोट न लावताही गोळी सुटू शकते. रेंजवर नळी कायम लक्ष्याकडे असते. रानात तसं नसतं.

दस्ता म्हणजे नुसता आधार नाही

रायगड जिल्ह्यात पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. त्यांच्याकडे शिकलेल्या अवनी लेखरानं टोकियो पॅरालिम्पिकमध्ये एअर रायफलचं सुवर्ण आणि 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं. या प्रकारात एकाच सामन्यात शरीराची ठेवण तीनदा बदलते. त्यामुळे गालाची पट्टी, खांद्याचा टेकू आणि दस्त्याची लांबी नेमबाजाच्या मापाची लागते. मान ताणून नेम धरावा लागला, की पुढचं सगळंच बिघडतं.

दुसरं काम न दिसणारं. रायफलचा धातूचा भाग दस्त्यात घट्ट आणि दर वेळी अगदी तसाच बसला पाहिजे. लाकडाचा नळीवरचा दाब बदलला, की गोळीची जागा बदलते. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दाराच्या चौकटीचं जे होतं, तेच दस्त्याचं.

जुन्या ली-एनफील्डमध्ये तर चाप आणि दस्ता वेगळे काढताच येत नाहीत. तिथे चाप रायफलच्या मुख्य भागावर नसून खालच्या कडीवर टांगलेला असतो आणि दोन्हींच्या मध्ये असतं लाकूड. लाकूड हललं, की चापाची पकडही बदलते. नंतरच्या ‘नंबर 4 मार्क 2’ रायफलीत चाप मुख्य भागावर नेला, तो यासाठीच. या जुन्या रायफलींचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. पुढचं लाकूड न काढता मागच्याचा बोल्ट फिरवला, तर पुढचं लाकूड चिरतं. हौशी मंडळींनी असे कितीतरी दस्ते फोडले आहेत.

भारतात हे कोण करू शकतं?

1959च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येत सुटे भागही येतात. कलम 5 नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर करायलाही वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर हे कलम मोडल्यास किमान सात वर्षांची कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून घरी चाप बदलायला बसणं इथे महागात पडू शकतं. काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावं लागतं. तिथून रायफल परत आल्यावर रिकाम्या रायफलीवर चाप आणि सेफ्टी तपासायची आणि मग रेंजवर नेम पुन्हा जुळवायचा, कारण दस्ता बदलल्यावर आधीचा नेम बहुधा जागेवर राहिलेला नसतो.