खडकातून आलेले विष

कॅनडा देशाच्या पश्चिमेस ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. त्याच्या आग्नेय भागात, रॉकी पर्वताच्या रांगांमधून एल्क नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दगडी कोळसा काढण्यात येत आहे. हा कोळसा पोलाद तयार करण्याच्या कामी येतो.

कोळशाचे थर खडकांच्या थरांमध्ये दबलेले असतात. ते मोकळे करण्यासाठी सुरुंग लावून डोंगर फोडावे लागतात. एक टन कोळशामागे कित्येक टन खडक बाजूला काढावा लागतो. हा निरुपयोगी खडक दऱ्यांमध्ये टाकून त्याचे प्रचंड ढीग रचले जातात. पाहणाऱ्यास वाटावे, दगडच ते. त्यांपासून कोणास काय अपाय होणार?

परंतु या खडकांत सेलेनियम नावाचे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८१७ साली ते शोधून काढले व चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याचे नामकरण केले. कोट्यवधी वर्षे ते खडकाच्या पोटात कोंडलेले होते. खडक फुटताच हवा आणि पाणी त्याच्यापर्यंत पोहोचले. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी ढिगांतून झिरपते, सेलेनियम आपल्यात विरघळवून घेते आणि ओढ्यांवाटे नदीस जाऊन मिळते.

सेलेनियम हे मुळात विष नव्हे. माणसांच्या व माशांच्या शरीरास त्याची गरज असते. मात्र ती लेशमात्र. प्रमाण वाढले की तेच घातक ठरते. पाण्यातील सेलेनियम शेवाळ शोषून घेते व साठविते. शेवाळ खाऊन किडे जगतात आणि किडे खाऊन मासे. पुढे मादीच्या शरीरातून ते अंड्यांत उतरते. मग एखाद्या पिलाचा कणा वाकडा होतो, एखाद्याच्या कल्ल्यावरील झाकण अपुरे राहते, आणि पुष्कळ पिले जगतच नाहीत. मोठा मासा मात्र धडधाकट दिसतो; म्हणून हे संकट लवकर ध्यानात येत नाही.

फोर्डिंग ही एल्कच्या खोऱ्यातील एक नदी. २०१२ साली तिचे पाणी दूषित केल्याबद्दल २०२१ मध्ये न्यायालयाने खाण कंपनीस ६ कोटी डॉलर दंड केला. खोऱ्यात पाणी शुद्ध करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. त्यासाठी जीवाणूंचे साहाय्य घेतले जाते. ते विरघळलेल्या सेलेनियमचे न विरघळणाऱ्या रूपात परिवर्तन करतात. हे पाणी पुढे ज्या कूकानुसा जलाशयात शिरते, तो कॅनडा व अमेरिका या दोन्ही देशांत पसरलेला आहे. म्हणून २०२४ साली दोन्ही देशांनी आणि तेथील मूळ रहिवासी क्टुनाहा लोकांनी हा प्रश्न संयुक्त आयोगाकडे सोपविला.

दगडांचे ढीग मात्र जागेवरच आहेत आणि त्यांतून सेलेनियम दीर्घकाळ पाझरत राहणार आहे. डोंगर फोडण्याचे काम थोड्या वर्षांत उरकते; त्यातून सुटलेले आवरण्याचे काम पुढील पिढ्यांच्या वाट्यास येते. म्हणून खाणीतून काय मिळणार, याबरोबरच मागे काय उरणार, याचाही हिशेब पहिला सुरुंग लावण्यापूर्वीच मांडला पाहिजे.