विश्लेषण : कारप्रेमींच्या ‘डे ड्राइव्ह’मध्ये सर्वांत वेगात कोण असते?

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास पुण्यात चांदणी चौकाच्या आसपासच्या पेट्रोल पंपांवर एकाच मॉडेलच्या आठ-दहा गाड्या ओळीने उभ्या दिसल्या, तर समजावे की कुठल्या तरी ग्रुपची ‘डे ड्राइव्ह’ आहे. टायरमधली हवा तपासली जाते, फोटो निघतात आणि ताफा पौड, मुळशी, ताम्हिणी घाटमार्गे माणगावकडे निघतो. वाटेत मिसळ, बॉनेट उघडून गप्पा आणि संध्याकाळच्या आत घर. हौस निरुपद्रवी आहे. पण सार्वजनिक रस्त्यावर दहा गाड्या एकत्र चालवणे हे एक गाडी दहा वेळा चालवण्यासारखे नसते.

मागच्या गाडीला का पळावे लागते?

ताफ्यात सर्वांत वेगात पुढची गाडी असते, हा समज चुकीचा आहे. ताशी ६० किमी वेगाने जाताना दोन गाड्यांत दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे, तर ते सुमारे ३३ मीटर होते. गाड्यांची लांबी धरली तर दहा गाड्यांचा ताफा साडेतीनशे मीटरच्या जवळ जातो. आता समोर ताशी ३० किमीने चाललेला टेम्पो आला. पहिल्या तीन गाड्यांना जागा मिळाली, त्या पुढे गेल्या आणि पुन्हा साठवर आल्या. उरलेल्या सात गाड्या दोनच मिनिटे टेम्पोमागे अडकल्या, तरी मधले अंतर एक किलोमीटरने वाढते. ते भरून काढायला मागच्यांनी ८० ने गाडी हाणली, तर तीन मिनिटे आणि चार किलोमीटर लागतात. ताम्हिणीच्या वळणांवर ८० हा वेगच नव्हे. शिवाय ‘आपण मागे राहिलो’ ही भावना असते. बहुतेक वेळा शेवटच्या गाडीत ग्रुपमधला सर्वांत नवखा चालक असतो, आणि चुकीच्या ठिकाणी ओव्हरटेक तोच करतो.

म्हणून जाणते ग्रुप सर्वांत अनुभवी चालक शेवटी ठेवतात. त्याला ‘स्वीप’ म्हणतात. नवख्यांना पुढच्या ‘लीड’ गाडीच्या लगेच मागे घेतात. दहापेक्षा जास्त गाड्या असतील तर चार-पाचच्या तुकड्या करतात आणि थांबे आधीच ठरवून देतात. थांबा माहीत असला की कोणाला पाठलाग करावा लागत नाही. चालू गाडीत सगळ्यांनी हॅझार्ड लाइट लावून जाण्याची पद्धत मात्र मोडायला हवी. मागच्याला इंडिकेटर कळत नाही, इतकेच तिने साधते.

ड्राइव्ह आणि शर्यत यांत कायदा फरक कसा करतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘घाट किती मिनिटांत चढलास?’ हा प्रश्न मिसळीच्या टेबलावर गमतीचा वाटतो, पण ती वेगाची चाचणीच झाली. खासगी कारच्या विमा पॉलिसीतूनही संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते.

बदल केलेल्या गाड्यांचे काय?

मेळाव्यात सर्वाधिक गर्दी त्यांच्याभोवती जमते. कलम ५२ नुसार आरसीमधली निर्मात्याने दिलेली मूळ माहिती बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. मालकाने नियमबाह्य बदल केल्यास कायद्यात प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

वॉकीटॉकी चालते का?

घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून ग्रुप वॉकीटॉकी वापरतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना २०१८ पासून परवाना लागत नाही. ऑनलाइन मिळणारे अनेक संच या पट्ट्याबाहेरचेही असतात. त्यामुळे विकत घेताना किमतीच्या आधी फ्रिक्वेन्सी वाचावी. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गाडी चालवताना हातात धरून संपर्काचे साधन वापरणे कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात मोडते. तिथे केवळ मोबाइल असा शब्द नाही. म्हणजे वॉकीटॉकी शेजारी बसलेल्याच्या हातात हवी. एकट्याने येणाऱ्याने ती नुसती ऐकावी.

घाटात काय पाळायचे?

ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, ही एसटी चालकांची जुनी रीत कारलाही लागू आहे. ब्रेकवर पाय ठेवून उतरले तर ते तापतात आणि नेमके गरजेच्या वेळी पकड सोडतात. ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’वर न राहता मॅन्युअल किंवा ‘एल’ वापरावा. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. समोरून लाल डबा चढत येत असेल तर दहाच्या दहा गाड्यांनी थांबायचे.

थांबण्याची जागाही आधी पाहून ठेवावी. पावसाळ्यात ताम्हिणीतल्या धबधब्यांजवळ रस्त्याच्या कडेला दोन गाड्या लागल्या तरी कोंडी होते, दहा लागल्या तर गावकऱ्यांचा रस्ताच बंद होतो. हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करून गाड्यांचा आकडा सांगितला, तर तो आवारात जागा करून देतो. आणि दुपारी तीनच्या आत परतीला लागावे. त्यानंतर पिरंगुट-भूगावच्या रांगेत सगळ्याच गाड्या सारख्या धावतात.