हिऱ्याचे काठिण्य

खरा हिरा ऐरणीवर ठेवून त्यावर घण मारला तरी तो फुटत नाही, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. केवळ आपल्याकडेच तो होता असे नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही तसेच लिहून ठेवले आहे. त्याच्या मते ऐरण दुभंगेल, पण हिरा भंगणार नाही! या समजुतीपायी किती अस्सल हिऱ्यांचा चुरा झाला असेल, कोण जाणे. कारण घणाच्या घावाने हिरा फुटतो; आणि फुटला म्हणून तो खोटा ठरत नाही.

येथे दोन निरनिराळ्या गुणांची गल्लत झाली आहे. अंगावर ओरखडा उमटू न देणे म्हणजे काठिण्य. आघात सोसणे म्हणजे चिवटपणा. काच तांब्याहून कठीण असते, परंतु हातोडीखाली तांबे चेपते आणि काचेचे तुकडे होतात.

खनिजांचे काठिण्य ताडून पाहण्याची एक सोपी रीत फ्रीडरिख मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली घालून दिली. त्याने दहा खनिजे अशा क्रमाने मांडली, की पुढचे खनिज मागच्यावर ओरखडा काढील. पहिले शंखजिरे, ते नखानेही ओरखडते. सातवी गारगोटी, आठवा पुष्कराज, नववा कुरुंद आणि दहावा हिरा. सुरीचे पाते साधारणपणे पाचव्या व सहाव्या पायरीच्या मध्ये बसते. मात्र या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. कुरुंदापासून हिऱ्यापर्यंतचे अंतर शंखजिऱ्यापासून कुरुंदापर्यंतच्या अंतराहूनही मोठे आहे!

गारगोटीची पायरी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. साध्या धुळीतही गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. म्हणून मोती, पोवळे यांसारखी मऊ रत्ने धुळीच्या फडक्याने पुसली, तर त्यांचे तेज हळूहळू उतरते.

कुरुंद हा मोठा बहुरूपी आहे. त्याचे संस्कृत नाव कुरुविंद. युरोपीय भाषांतील ‘कोरंडम’ हा शब्दही भारतीय भाषांतूनच तिकडे गेला. शुद्ध कुरुंदाला रंग नसतो. त्यात क्रोमियमचा अल्पसा अंश मिसळला की त्याचे माणिक होते. लोह व टिटॅनियम यांचा अंश आला की नीलम होतो. राजमुकुटात मिरवणारे हे रत्न आणि सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा ओबडधोबड कुरुंदाचा दगड, हे मुळात एकच खनिज होय. व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणिक तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. किल्लीच्या घड्याळांवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले आढळते, ती रत्ने बहुधा अशीच कृत्रिम माणके असतात. चक्रांचे आस त्यांत वर्षानुवर्षे फिरले तरी ती सहसा झिजत नाहीत.

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पेन्सिलीतील काळे ग्रॅफाइटही कार्बनच. भेद आहे तो अणूंच्या रचनेत. ग्रॅफाइटचे अणू थराथरांनी असतात व ते थर एकमेकांवरून सहज घसरतात. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजारी अणूंना घट्ट जखडलेला असतो. तरीही काही ठराविक प्रतलांवर ही बंधने कमी पडतात आणि नेमका तेथेच घाव बसला की हिरा चिरफळतो. कुशल कारागीर याच दोषाचा उपयोग करून घेतात. दक्षिण आफ्रिकेत १९०५ साली कलिनन नावाचा ३१०६ कॅरटांचा, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक वजनाचा हिरा सापडला. १९०८ साली अॅम्स्टरडॅम येथे तो असाच चिरण्यात आला.

पैलू घासण्यासाठी मात्र हिऱ्याचीच पूड लागते. हिऱ्याचे काठिण्य सर्व दिशांना सारखे नसते. पुडीतील काही कणांच्या कठीण बाजू पुढे येतात आणि त्या हिऱ्याच्या कमी कठीण बाजूला झिजवितात. आज जगातील बहुतेक हिऱ्यांना सुरत शहरात पैलू पाडले जातात.

अंगठीत न शोभणारे हिरेही वाया जात नाहीत. काच कापणे, खडकांत खोल छिद्रे पाडणे, धातूची बारीक तार ओढणे ही कामे ते करतात. १९५४ साली अमेरिकेत प्रचंड दाब व उष्णता देऊन कृत्रिम हिरे तयार करण्यात यश आले. कारखान्यांत आता बहुतांशी तेच वापरतात.