कुंडीतील तुळस का करपते?

दिल्लीसारख्या ठिकाणी बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबांना पौषात एक चिंता लागते. गॅलरीतील तुळशीची पाने तपकिरी पडू लागतात. पाणी कमी पडले असावे, या समजुतीने गृहिणी आणखी एक तांब्या ओतते; आणि पुष्कळदा तुळस जाते ती याच मायेने.

तुळस ही उष्ण हवेतील वनस्पती. पारा १० अंशांखाली उतरला की तिची वाढ खुंटते, मुळे फारच थोडे पाणी घेतात. उरलेले पाणी कुंडीत साचते; मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. म्हणून ओल्या मातीतही झाड तहानेने करपते.

तेव्हा आधी मातीत बोट घालून पाहावे. दोन पेरांपर्यंत ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. रोजचा नेम मोडवत नसेल, तर त्याला पळीभर पाणी पुरे. कुंडीचे छिद्र मोकळे असावे. कुंडी दिवसा उन्हात, रात्री घरात ठेवावी.

आणि दोन-चार मंजिऱ्या जपून ठेवाव्यात. जुनी तुळस गेलीच, तर फाल्गुनात तिच्याच बियांतून नवी उगवेल.