हवेच्या उशीवर तोललेली गाडी

सायकलच्या पंपाचें तोंड अंगठ्यानें घट्ट दाबून धरावें व दांडा खालीं लोटावा, म्हणजे तो थोडा आंत जाऊन पुढें अडतो. आणि हात सोडतांच आपण होऊन वर उसळतो. पंपांत लोखंडाची कमान तर नाहीं. मग ही उसळी आली कोठून? ती कोंडलेल्या हवेची होय. तपमान कायम असतां हवेचें आकारमान निम्में केलें कीं तिचा दाब दुप्पट होतो, हा नियम रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केला. आमचे विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठ करितात. परंतु दोन-अडीच टन वजनाची गाडी याच कोंडलेल्या हवेवर तोलतां येते, आणि चालकानें एक बटण दाबतांच ती वर उठते किंवा खालीं बसते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अशा एका गाडीची माहिती या लेखांत द्यावयाची आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 'पिकअप' गाडी फार लोकप्रिय आहे. पुढें माणसांच्या बैठकी व मागें उघडा हौदा, अशी तिची रचना असते. तीच गाडी सकाळीं एकट्या मालकास कचेरींत नेते, दुपारीं सिमेंटचीं पोतीं वाहते, आणि सुटीच्या दिवशीं मागें ट्रेलर जोडून एखादी नाव ओढीत तळ्यावर नेते. म्हणजे तिच्यावरील ओझें घटकेघटकेस बदलतें. येथेंच लोखंडी पाट्यांची अडचण होते. पाटे ताठ ठेवावे तर रिकामी गाडी खांचखळग्यांत उडते; नरम ठेवावे तर ओझें पडतांच मागचें अंग खालीं बसतें व तोंड वर होतें. यांत केवळ शोभा जाते असें नाहीं. पुढील चाकें रस्त्यास पुरेशा जोरानें टेकत नाहींत, म्हणून वळवितांना व थांबवितांना गाडी पूर्ण ताब्यांत राहत नाहीं. आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. रात्रीं अरुंद रस्त्यावर त्याचा परिणाम काय होईल, हें सांगावयास नको.

यावर उपाय म्हणून लोखंडाच्या जागीं हवेनें भरलेल्या रबरी पिशव्या बसविण्याची कल्पना निघाली. कॅडिलॅक कंपनीनें १९५७ सालीं आपल्या एल्डोराडो ब्रूम या भारी किंमतीच्या मोटारीस अशा पिशव्या बसविल्या; पण हवा गळण्याची खोड मोडेना, तेव्हां पुष्कळ मालकांनीं त्या काढून लोखंडी कमानी घालून घेतल्या. पुढें १९८४ सालच्या लिंकन मार्क ७ या मोटारींत उंचीवर लक्ष ठेवण्याचें काम विद्युत्-यंत्रणेकडे आलें, आणि २०१३ सालच्या रॅम १५०० या पिकअपला चारी चाकांवर हवेच्या पिशव्या मिळाल्या. आपल्याकडे मुंबई-पुणे मार्गावरील शिवनेरी बसमध्यें जो मऊपणा जाणवतो, तोही अशाच पिशव्यांचा होय.

ही पिशवी म्हणजे जत्रेंतला फुगा नव्हे. टायरप्रमाणें रबरांत बळकट दोऱ्यांचें विणकाम घालून ती तयार करितात. तिचें एक टोंक गाडीच्या सांगाड्यास व दुसरें चाकाकडील भागास जोडलेलें असतें. सांगाडा किती उंच आहे हें प्रत्येक चाकापाशीं असलेला सेन्सर सारखें मोजीत असतो व नियंत्रक-यंत्रास कळवितो. विजेवर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबतो, टाकी तिचा सांठा ठेवते, आणि झडपा नियंत्रकाच्या हुकुमाप्रमाणें उघडतात व मिटतात.

आतां थोडें गणित करूं. समजा, एका पिशवीवर ४५० किलोग्रॅम भार आहे, व तिचें भार तोलणारें क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर आहे. तर आंतील हवेचा दाब बाहेरील हवेपेक्षां दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम अधिक असला पाहिजे. हौद्यांत माल चढून भार ६०० किलोग्रॅम झाला, तर तोच दाब ४ किलोग्रॅम लागेल. भार वाढतांच पिशवी दबते; सेन्सर तें ताडतो; झडप उघडून आणखी हवा आंत येते, आणि गाडी मूळ उंचीवर येऊन थांबते.

पण भार तोच ठेवून गाडी दोन इंच वर उचलावयाची असेल तर? पुष्कळजण म्हणतील कीं, दाब फार वाढवावा लागेल. तसें नाहीं. भार तोच आणि क्षेत्रफळ जवळजवळ तेंच, म्हणून दाबही जवळजवळ तोच राहतो. वाढतें तें पिशवींतील हवेचें प्रमाण. थोडक्यांत, दाब ठरतो ओझ्यावर आणि उंची ठरते हवेच्या प्रमाणावर. एवढें सूत्र ध्यानांत धरलें म्हणजे पुढचें सर्व सोपें जातें.

२०१९ सालापासूनच्या रॅम १५०० गाडीच्या उंचीच्या पायऱ्या उदाहरणादाखल घेऊं. नेहमीच्या रस्त्यासाठीं एक साधारण उंची असते. हमरस्त्यावर वेग वाढला म्हणजे गाडी आपण होऊन सुमारें १५ मिलिमीटर खालीं येते. त्यामुळें वाऱ्याचा अडथळा कमी होऊन तेल वांचतें. खडकाळ वाटेसाठीं साधारण उंचीच्या वर एक इंच व दोन इंच अशा दोन पायऱ्या आहेत. माणसांस चढण्याउतरण्यास व माल भरण्यास सोपें जावें म्हणून उभी गाडी सुमारें दोन इंच खालीं बसवितां येते. मग "सदा उंचच कां ठेवूं नये?" असें कोणी विचारील. गाडी जितकी उंच तितका तिचा गुरुत्वमध्य उंच, आणि वळणावर कलंडण्याचें भय अधिक. म्हणूनच उंच पायरीवर असतां ठराविक मर्यादेपलीकडे वेग वाढला, कीं यंत्रणा गाडीस खालीं आणते.

उंची बदलण्याची रीत कठीण नाहीं. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, इंजिन चालू ठेवावें व सर्व दारें लावावीं. गाडीखालीं कोणी मूल, जनावर किंवा दगड नाहीं, आणि वर छपराची तुळई आड येत नाहीं, हें स्वतः उतरून पाहावें. नंतर वर किंवा खालीं बाण असलेलें बटण दाबावें. बदल चालू असतां दिवा लुकलुकतो. उंची गांठली म्हणजे स्थिर होतो. चढतांना गाडीचें मागचें अंग आधीं उठतें व मग पुढचें. उतरतांना पुढचें आधीं व मग मागचें. या क्रमामुळें मधल्या वेळांत गाडीचें तोंड वर होत नाहीं व दिव्यांचा झोत कोणाच्या डोळ्यांवर जात नाहीं. ट्रेलर जोडतांना गाडी खालीं बसवून ट्रेलरच्या दांडीखालीं मागें घ्यावी व मग वर उचलावी, म्हणजे पुष्कळ कष्ट वांचतात. मात्र निघण्यापूर्वीं ती साधारण उंचीवर आणण्यास विसरूं नये.

आतां तीन सावधगिऱ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली गळतीची. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीं एका कोपऱ्यांत खालीं बसलेली दिसली, तर तेथील पिशवीवर व नळीच्या सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे येतील तेथें गळती समजावी. तशीच गाडी चालवीत राहिल्यास कॉम्प्रेसर सारखा धांवून जळतो, आणि थोडक्या खर्चाचें काम मोठ्या खर्चाचें होतें.

दुसरी सावधगिरी जिवाची आहे. केवळ हवेवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही कदापि शिरूं नये. नळी फुटली किंवा झडप उघडली तर गाडी क्षणांत खालीं येते. चाक बदलतांना जॅक लावण्यापूर्वीं स्वयंचलित यंत्रणा बंद करण्याची सोय गाडींत दिलेली असते, ती वापरावी. नाहींतर जॅकनें उचललेली गाडी उंच झाली असें समजून यंत्रणा पिशवींतील हवा सोडूं लागते व गाडी जॅकवर हलते. खालीं शिरून काम करावयाचें असेल तर सांगाड्याखालीं लोखंडी घोड्या भक्कम बसवाव्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारण येथें डोळे फसतात. लोखंडी पाट्यांची गाडी ओझें फार झालें कीं वांकून तें सांगते. हवेवरची गाडी तसें सांगत नाहीं. ती सरळच उभी दिसते. म्हणून मालकास वाटतें कीं अजून चार पोतीं चढतील. परंतु पिशवीनें उंची राखली, तरी ब्रेक, आंस व टायर यांचें बळ तिळमात्र वाढलेलें नसतें. किती भार न्यावा हें गाडी दिसते किती सरळ यावर ठरत नाहीं. तें चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर छापलेलें असतें.

हा बोध अमेरिकेपुरताच नाहीं. आपल्या बाजारपेठांतून भाजीपाला वाहणाऱ्या पिकअप गाड्यांना बहुधा लोखंडी पाटे असतात, आणि अधिक माल नेतां यावा म्हणून कित्येक मालक एकदोन पाटे वाढवून घेतात. गाडी मग वांकत नाहीं हें खरें. पण उतारावर तिला थांबवावयाचें असतें ब्रेकांनीं, पाट्यांनीं नव्हे. ज्या पालकांच्या घरीं अशी गाडी असेल त्यांनीं माल चढविण्यापूर्वीं कागदपत्रांतील भाराचा आंकडा एकवार अवश्य पाहावा. आणि मुलांनीं तो भरलेल्या पोत्यांच्या वजनाशीं ताडून दाखवावा. शाळेंत शिकलेल्या गणिताचा याहून चांगला उपयोग क्वचितच सांपडेल.