वास न येणारी नशा

दारू पिऊन आलेला माणूस वासावरून कळतो. गोळी खाल्लेल्या मुलाच्या तोंडाला वास नसतो. तो पेंगतो, बोलताना अडखळतो, आत्ता सांगितलेले विसरतो. "पोरगं कामानं दमलंय" म्हणून आई अंगावर चादर टाकते. आमच्या घरात पाचवे शील पाळले जाते, दारूचा थेंब येत नाही, असे सांगणाऱ्या घरातही ही नशा म्हणूनच शिरते. ती गुत्त्यावरून नाही, औषधाच्या पाकिटातून येते.

या गोळ्या मुळात औषधेच आहेत. झोप, फिट, खोकला, वेदना यांसाठी डॉक्टर त्या मोजून देतात. तीच गोळी चिठ्ठीशिवाय, नशेसाठी घेतली की व्यसन लागते.

कुठे काय चालते?

दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे १ कोटी १८ लाख लोक गुंगीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेतात, असे त्यात दिसले. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण सिक्कीम, नागालँड, मणिपूर, मिझोरम येथे जास्त आहे. पण घेणाऱ्यांची संख्या मोजली तर पहिल्या पाच राज्यांत आपला महाराष्ट्र आहे.

प्रत्येक भागातले औषध मात्र वेगळे. मिझोरम-नागालँडमध्ये पोटदुखीच्या कॅप्सूल शिरेत टोचून घेतल्या जात. त्याने गळवे होऊन अनेकांचे हातपाय निकामी झाले. पंजाबात ट्रामाडोल ही वेदनेची गोळी पसरली. कष्टाची कामे करणारे ती थकवा मारायला घेऊ लागले. २०१८ मध्ये सरकारने ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. आपल्याकडे मालेगावात 'कुत्ता गोली', छत्रपती संभाजीनगरात 'बटन' ही नावे पोरांच्या तोंडी आहेत. या झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या. मुंबई परिसरात कोडीनचे खोकल्याचे औषध बाटलीने पितात.

असा फरक का? जिथे जे स्वस्त आणि सहज मिळते, तिथे ते चालते. एकावर बंदी आली की दुसरे येते. म्हणून पंजाबच्या बातम्या ऐकून आपले पोर सुरक्षित समजू नका. आपल्या गल्लीत काय फिरते ते ओळखा.

घरच्यांनी काय करावे?

खिशात, गच्चीवर, नाल्याकाठी रिकाम्या गोळ्यांची पाकिटे किंवा सिरपच्या बाटल्या दिसल्या तर दुर्लक्ष करू नका. आजी-आजोबांच्या झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवा, मोजून द्या.

मुलाला कोंडून, मारून गोळी एकदम बंद करू नका. रोज गुंगीच्या गोळ्या घेणाऱ्याची गोळी अचानक तुटली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन मोफत आहे.

गोळीवर दारू प्यायल्यास श्वास मंदावतो. माणूस हलवूनही उठत नसेल, घरघर लागली असेल, ओठ निळे पडले असतील तर 'झोपू द्या' म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नका. पाकीट सोबत न्या.

मेडिकलवाल्यालाही कायदा लागू आहे. अशा अनेक गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये येतात. त्या चिठ्ठीवरच द्यायच्या, रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. कोणी चिठ्ठीविना विकत असेल तर महिला मंडळाने, तरुणांनी मिळून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. एकट्याला दमदाटी होते, वस्तीला होत नाही.

आणि ज्या घरात हे घडले, त्या घराकडे बोट दाखवू नका. लाजेने लपवलेला आजार वाढतो. वेळेवर दवाखान्यात नेलेला मुलगा परत उभा राहू शकतो.