कंबरेत चमक भरली म्हणजे हाड सरकलं का? लाथ न मारता, हलक्या जोराने होणाऱ्या उपचाराविषयी

सतवास : सोयाबीनची कापणी असो की गव्हाची, दिवसभर वाकून काम झालं की संध्याकाळी कुणाची ना कुणाची कंबर धरतेच. मग घरात सल्ले सुरू होतात. देवास-धारकडच्या जुन्या मराठी घरांत अजूनही पायाळू माणसाचा शोध घेतला जातो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कंबरेला लाथ लावली की उसण उतरते, अशी समजूत. काही जण हाड बसवणाऱ्याकडे जातात. ‘कट्’ असा आवाज आला की बरं वाटतं, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

या दोन्हींपेक्षा वेगळा, फिजिओथेरपिस्ट वापरतात असा एक उपचार म्हणजे ‘मसल एनर्जी टेक्निक’. नाव भारी असलं तरी यात ना झटका असतो, ना यंत्र. जोर रुग्णाने लावायचा, तोही थोडा. उपचार करणाऱ्याने फक्त हात धरून तो अडवायचा.

समजा, मांडीच्या मागचे स्नायू आखडलेत आणि त्याने कंबर ओढली जाते आहे. रुग्णाला पाठीवर झोपवतात. पाय सरळ ठेवून वर उचलतात आणि पहिला ताण जाणवला की तिथेच थांबतात. आता रुग्णाने पाय खाली दाबायचा, पण सगळी ताकद लावून नाही, साधारण पाचवा हिस्सा. थेरपिस्टचा हात पाय हलू देत नाही. पाच-सात सेकंद असं धरायचं, मग सोडायचं, एक श्वास घ्यायचा. स्नायू थोडा सैल झालेला असतो, म्हणून पाय अलगद आणखी जरासा वर जातो. असं तीन ते पाच वेळा. कमरेच्या बाजूचे, कुल्ह्यातले, मांडीच्या पुढचे स्नायू असोत किंवा ओटीपोटाच्या हाडांचा सांधा, रीत हीच. फक्त झोपण्याची तऱ्हा आणि जोराची दिशा बदलते. यात दुखायला नको. दुखलं तर तिथल्या तिथे सांगावं, लाजू नये.

ही पद्धत अमेरिकेतले ऑस्टिओपॅथ फ्रेड मिचेल यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मांडली. पुढे प्रागचे डॉक्टर कारेल लेविट यांनी आखडलेल्या स्नायूंसाठी तिचं आणखी सौम्य रूप वापरलं. आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण 1950च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयातून सुरू झालं.

आता मुद्दा सरकलेल्या हाडाचा. पाठीचा कणा खाली ज्या त्रिकोणी हाडावर टेकतो, त्याच्या दोन्ही बाजूंना कुल्ह्याची हाडं जोडलेली असतात. हा सांधा जाड अस्थिबंधांनी इतका घट्ट बांधलेला आहे, की 1989 साली स्वीडनमध्ये रुग्णांवर केलेल्या क्ष-किरण मोजणीत त्याची हालचाल सरासरी अडीच अंशांच्या आसपासच निघाली. तिथेच 1998 साली, हाताने सांधा ‘बसवण्याच्या’ आधी आणि नंतरही मोजणी झाली. तपासणाऱ्यांना सांधा सुधारल्यासारखा वाटला, पण हाडांची जागा होती तीच होती. म्हणजे ‘हाड बसवलं’ हे बोलणं कानाला बरं वाटतं, एवढंच. आराम पडला तर तो बहुधा स्नायू सैल झाल्याने आणि दुखण्याची जाणीव तात्पुरती उतरल्याने. हे कळलं की माणसाची भीती जाते, आणि भीती गेली की तो चालू-फिरू लागतो. कंबरदुखीत ही गोष्ट लहान नाही.

मग या उपचाराने कंबर बरी होते का? इथे थोडं रोखठोक बोलायला हवं. 2015 साली कोक्रेन संस्थेने 12 चाचण्या, मिळून 500 रुग्ण, तपासले. चाचण्यांचा दर्जा कमी होता, आणि साध्या कंबरदुखीत या पद्धतीचा खात्रीलायक फायदा त्यातून दिसला नाही. तेव्हा कुणी दहा-वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागत असेल, तर सतवासहून कन्नोदमार्गे इंदूरची फेरी, बुडालेली मजुरी आणि फी असा सगळा हिशेब आधी मांडावा. दोन-तीन बैठकांत फरक नाही, किंवा घरी करायला व्यायामच दिले नाहीत, तर तो खर्च वायाच. हलका हात लावून आखडलेपणा सोडवणं आणि लगेच चालणं, कुल्ह्याचे व पोटाचे व्यायाम सुरू करणं, अशी जोड असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक साधी कंबरदुखी काही आठवड्यांत आपसूकच कमी होते; अंथरुणाला खिळून राहिलं की उलट लांबते.

गरोदर बाईने आधी डॉक्टरांना विचारूनच असा उपचार घ्यावा. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांना तर झटके देणाऱ्याकडे नेऊच नये.

आणि काही दुखणी थेरपिस्टचीही नाहीत. लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन मांड्यांमधली जागा बधिर पडणं, पायातली ताकद जाणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करून रुग्णालय गाठावं. झाडावरून वा ट्रॅक्टरवरून पडल्यानंतरचं दुखणं, सोबत ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, पूर्वी क्षयरोग किंवा कर्करोग झालेला असणं, अशा रुग्णाची आधी डॉक्टरांकडून तपासणी. पाठीच्या मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही आढळतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो.